लॅपटॉपवर आवाज तुटणे

लॅपटॉपवर गाणं, व्हिडिओ किंवा मीटिंग चालू असताना आवाज मधेच गाळला जाणं, तटतट वाजणं, एकच तुकडा दोन-तीनदा ऐकू येणं, याला आवाज तुटणे म्हणतात, कोणी ‘साउंड अटकतोय’ म्हणतं तर कोणी ‘ग्लिच मारतोय’. स्पीकर फाटल्यावर येणारी फरफर वेगळी, ती आवाज मोठा केला की वाढते आणि हेडफोन लावला की जाते, तुटणं मात्र हेडफोनवरही तसंच राहतं, म्हणून आधी हेच तपासावं.

‘ग्लिच’ शब्दाच्या उगमाबद्दल एकमत नाही. घसरणे या अर्थाच्या यिडिश शब्दाकडे आणि त्यामागच्या जर्मन क्रियापदाकडे बहुतेक कोश बोट दाखवतात, पण ‘बहुधा’ लावूनच. बरीच वर्षं पहिल्या छापील वापराचा मान अंतराळवीर जॉन ग्लेन यांना दिला जायचा, त्यांनी १९६२ मध्ये वीजप्रवाहातला व्होल्टेजचा अचानक झटका असा अर्थ सांगितला होता, पण नंतर १९४० च्या सुमाराचे अमेरिकन रेडिओवाल्यांचे वापर सापडले, तिथे निवेदकाची जीभ घसरली की ग्लिच म्हणत. हे बघता यिडिशचं मत जास्त पटतं. आपल्याकडे तबकडीच्या काळातली ‘पिन अडकली’ अजून बोलण्यात आहे आणि अर्थाने ती इंग्रजी ‘स्किप’च्या जवळची आहे.

कारण समजायला बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज तात्पुरता साठवायची जागा, समजावा लागतो. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने, आणि विंडोज ते साधारण १० मिलिसेकंदांच्या घासाने साउंड चिपला भरवतं, म्हणजे ४८,००० च्या दराने एका घासात ४८० नमुने. पुढचा घास वेळेत आला नाही तर चिप थांबत नाही, ती शांतता वाजवते नाहीतर बफरमधलं जुनंच परत वाजवते, म्हणूनच मशीन हँग झालं की शेवटचा तुकडा घुर्रर्र करत फिरत राहतो. यात प्रोसेसर एकूण किती बिझी आहे यापेक्षा तो एका वेळी किती काळ अडकून पडतो हे महत्त्वाचं, टास्क मॅनेजरमध्ये ५ टक्के दिसत असतानाही आवाज तुटू शकतो आणि इथेच बहुतेक लोक फसतात.

विंडोज एक्सपीवर एक प्रकार फार छळायचा. डिस्क वाचताना एकूण ६ टाइमआउट किंवा सीआरसी (डेटा बिघडल्याच्या) चुका झाल्या की सिस्टिम डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेण्याची पद्धत, सोडून गुपचूप पीआयओ मोडवर जायची, मग प्रत्येक बाइट प्रोसेसर स्वतः उचलणार आणि गाणं अडखळणार, रीस्टार्ट करूनही ते सुटायचं नाही, डिव्हाइस मॅनेजरमधून आयडीई चॅनल (डिस्कची जोडणी) अनइन्स्टॉल करून मशीन परत चालू करावं लागायचं.

२००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने ऑडिओचं बरंचसं काम कर्नलबाहेर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबाहेर, काढलं आणि ऑडिओच्या थ्रेडला (प्रोग्रामच्या कामाच्या धाग्याला) प्राधान्य दिलं, तरी ड्रायव्हरची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामची, डीपीसी नावाची तातडीची कामं कुठल्याही थ्रेडच्या आधी चालतात. मायक्रोसॉफ्टच्या शिफारशीनुसार एक डीपीसी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये, पण वाय-फाय, ग्राफिक्स आणि बॅटरी-पॉवर सांभाळणारे ड्रायव्हर कधीकधी ती पाळत नाहीत. कुठला ड्रायव्हर अडवतोय हे दाखवणारं लेटन्सीमॉन हे टूल १०-१५ मिनिटं चालू ठेवावं, त्याच्या ड्रायव्हरच्या यादीत एनडीआयएस डॉट एसवायएस (ndis.sys, विंडोजचा नेटवर्क ड्रायव्हर) वर आला तर नेटवर्ककडे संशय घ्यावा, वाय-फाय बंद करून तेच गाणं परत लावावं, तटतट थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून बदलावा. साउंडचा ड्रायव्हर परत परत टाकत बसण्यात लोकांचे दिवस जातात, दोष तिथे नसतोच कित्येकदा.

लिनक्सवर २००८ मध्ये पल्सऑडिओ या साउंड सर्व्हरने बफर भरायची टायमरवर चालणारी पद्धत आणली, जिथे चिपचा ड्रायव्हर वाजवणं बफरमध्ये कुठवर आलं ते चुकीचं सांगायचा तिथे आवाज तुटायचा आणि टीशेड (tsched) ही त्या पद्धतीची सेटिंग शून्य केली की त्रास बऱ्याचदा सुटायचा. फेडोरा या लिनक्समध्ये आवृत्ती ३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आहे. दर वेळी गाण्याचा फक्त पहिला शब्द गिळला जात असेल तर ते तुटणं नाही, पॉवर वाचवायला झोपलेली चिप जागी व्हायला वेळ घेते.

ब्लूटूथ हेडफोनचा मामला वेगळा, तो २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली तर तिचा रेडिओ गोंगाट तिथेच पडतो, डिस्क काढून बघावी. मॅकवर आवाज सांभाळणारी कोअरऑडिओडी (coreaudiod) ही प्रोसेस बंद केली की ती आपोआप परत सुरू होते आणि पुष्कळदा खरखर जाते.