चौथी संपली, शाळा बदलायचीये? दाखला काढायच्या आधी हे वाचा

१ मेला सकाळी झेंडावंदन होतं, मग वर्गात निकाल, प्रगतीपुस्तक हातात, आणि त्यानंतर निम्मे पालक ऑफिसच्या दारात उभे, "सर दाखला कधी मिळेल?" ज्यांची शाळा चौथीपर्यंतच आहे त्यांना पाचवीला दुसरीकडे जायचंच असतं, कुणाची बदली झालेली असते, कुणी गावाकडून शहरात येतंय, आणि घाई इतकी असते की दाखला हातात पडला की घडी घालून पिशवीत जातो. कुणी वाचतच नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, अर्ज कसा करायचा, काय कागद लागतात, शाळा अडवत असेल तर काय, पण त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: दाखला लिहून व्हायच्या आधी जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या मुख्य नोंदवहीतली, आपल्या मुलाची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

माझ्या भाचीच्या दाखल्यावर जन्मतारीख आकड्यात बरोबर होती, १७, आणि त्याच्याच खाली अक्षरात "सत्तावीस" लिहिलेलं. चौथीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. पाचवीच्या शाळेने प्रवेश देताना अक्षरी तारीख बघून रजिस्टरला २७ चढवली आणि पुढे तीच चालू राहिली, दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कळलं की आधारवर १७ आणि शाळेत २७. तोपर्यंत जुन्या शाळेतले मुख्याध्यापक रिटायर झालेले, नवीन मॅडमना काही माहिती नाही, आधी जुन्या शाळेतून रजिस्टरचा उतारा आणा, मग जन्माचा दाखला जोडा, मग अर्ज, मग शिक्षणाधिकारी कार्यालयाची मंजुरी. बहिणीच्या किती चकरा झाल्या ते मी बघितलंय. एक अक्षर चौथीत वाचलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

आता हे रजिस्टर काय असतं ते सांगते. पहिलीत नाव घालताना आपण जे कागद देतो त्यावरून शाळा एका मोठ्या जाड वहीत नोंद करते, त्याला जनरल रजिस्टर म्हणतात, आणि शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आपण एलसी किंवा टीसी म्हणतो, तो याच नोंदीवरून उतरवलेला असतो. त्यात मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, मातृभाषा, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासकट, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, अभ्यासातली प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कोणत्या इयत्तेत आणि केव्हापासून शिकत होता, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा, एवढं सगळं असतं. आणि दाखल्याच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं की दाखल्यात अनधिकृत बदल केला तर कायदेशीर कारवाई होईल. म्हणजे घरी व्हाइटनर लावून किंवा पेनाने "२" चा "१" करणं हा विचारही करू नका. चूक दुरुस्त होते ती रजिस्टरमध्ये, दाखल्यावर नाही.

मूल शाळेच्या पटावर आहे तोपर्यंत दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असते. मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज करायचा, कुठली नोंद चुकलीये आणि बरोबर काय पाहिजे ते स्पष्ट लिहायचं आणि पुरावा जोडायचा. जन्मतारीख आणि जन्मस्थळासाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्माचा दाखला. जातीच्या नोंदीसाठी वडिलांचा शाळेचा दाखला किंवा जातीचं प्रमाणपत्र. नाव किंवा आडनावच बदललं असेल तर राजपत्राची प्रत. नाव, जात, जन्मतारीख असल्या गोष्टी मुख्याध्यापक स्वतःच्या सहीने बदलू शकत नाहीत, शाळेकडून शिक्षण विभागाकडे प्रस्ताव जातो आणि मंजुरी आली की रजिस्टरला लाल शाईने किंवा शेऱ्यात आदेशाचा नंबर टाकून नोंद होते. याला वेळ लागतो. म्हणून हे काम निकालाच्या दिवशी करायचं नसतं, फेब्रुवारी-मार्चमध्येच शाळेत जाऊन "मला आमच्या मुलीची नोंद बघायचीये" एवढं म्हणायचं. पालकांनी मागितलं तर शाळा दाखवतात, मी स्वतः माझ्या मुलाच्या वेळी बघितलीये, आईच्या नावात वेलांटी चुकली होती, तिथल्या तिथे सांगितलं.

जातीच्या रकान्याबद्दल जरा थांबून सांगते कारण याचं महत्त्व लोकांना फार उशिरा कळतं. पुढे जातीचं प्रमाणपत्र आणि मग पडताळणी करताना कुटुंबातले जुने पुरावे मागतात, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. आणि बहुतेक घरांत असा एकच कागद सापडतो, आजोबांचा किंवा पणजोबांचा प्राथमिक शाळेचा दाखला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी कुठल्या तरी गुरुजींनी रजिस्टरला एक शब्द नीट लिहिला म्हणून आज नातवाला ॲडमिशन मिळते. तुमच्या मुलाची आजची नोंद पण उद्या कुणाला तरी अशीच लागणार आहे, तेव्हा तिथे नुसतं "हिंदू" लिहून जात कोरी सोडली असेल किंवा पोटजात चुकली असेल तर आत्ताच सांगा.

आता अर्ज. दाखल्यासाठी अर्ज आई, वडील किंवा कायदेशीर पालक करू शकतात. बऱ्याच शाळांत छापील फॉर्म असतो, नसेल तर कोऱ्या कागदावर चालतो: मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, रजिस्टर नंबर माहीत असेल तर तो, कुठल्या शाळेत जातोय, कारण आणि "दाखला मिळावा ही विनंती". सोबत मुलाच्या आणि पालकाच्या आधारची झेरॉक्स आणि या वर्षीच्या प्रगतीपुस्तकाची झेरॉक्स. लायब्ररीची पुस्तकं परत करून टाका म्हणजे त्या कारणावरून कुणी थांबवणार नाही. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या, तोंडी "सरांना सांगून ठेवलंय" याला काही अर्थ नसतो. मे महिन्यात शाळेत कुणी भेटत नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच देऊन ठेवा आणि निकालानंतर लगेच दाखला घ्या. जूनमध्ये शाळा १५ तारखेच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे अजून पुढे, तेव्हा तिथल्या लोकांना थोडा जास्त वेळ मिळतो.

एक मात्र करू नका. नवीन शाळेत जागा पक्की झाल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला काढू नका, कारण दाखला दिला की पटावरून नाव कमी होतं, आणि मग इकडे पण नाही तिकडे पण नाही अशी परिस्थिती होते. चौथीपर्यंतचीच शाळा असेल तर हा प्रश्न येत नाही, पण मधल्या इयत्तेत बदलणाऱ्यांनी आधी नवीन शाळेचं नक्की करा.

कागदासोबत हल्ली ऑनलाइनचं पण बघावं लागतं, आणि इथे बरेच जण अडकतात. प्रत्येक मुलाची यू-डायस प्लसवर, म्हणजे केंद्र सरकारच्या शाळांच्या पोर्टलवर, नोंद असते आणि त्याला एक कायमचा नंबर असतो, शाळेत त्याला पेन नंबर म्हणतात. राज्य सरकारच्या सरल पोर्टलचा स्टुडंट आयडी वेगळा. मूल शाळा सोडतं तेव्हा जुन्या शाळेने त्याला ऑनलाइन ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकायचं असतं आणि नवीन शाळेने तिथून ओढून घ्यायचं असतं. जुन्या शाळेने हे केलंच नाही तर कागदावर मूल पाचवीत आणि पोर्टलवर अजून जुन्याच शाळेत, मग नवीन शाळेतल्या सरांचे फोन येत राहतात. म्हणून दाखला घेताना तिथेच विचारा, "पेन नंबर काय आहे, ड्रॉपबॉक्सला टाकलं का?" आणि पेन नंबर दाखल्याच्या झेरॉक्सवर पेन्सिलने लिहून ठेवा. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा १२ अंकी ओळख नंबर, त्यासाठी पालकांचं संमतीपत्र घेतात, आणि आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही तर तो तयार होत नाही. लहान मुलांचं पाच वर्षांनंतरचं बोटांच्या ठशांचं अपडेट राहिलं असेल तर ते पण सुट्टीतच उरकून घ्या.

आता शाळा दाखला अडवत असेल तर. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि उशीर केला तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि दुसरी बाजू, जी पालकांना माहीतच नसते: दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळा प्रवेश थांबवू किंवा नाकारू शकत नाही. पण हा बदलीचा हक्क सरकारी, जिल्हा परिषद, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत जाण्यासाठी आहे, विनाअनुदानित खाजगी शाळेत जायचं असेल तर त्याचा आधार घेता येत नाही. त्यामुळे खाजगी शाळेने फी बाकी म्हणून दाखला धरून ठेवलाय आणि मूल घरी बसलंय असं ज्यांचं झालंय त्यांनी जवळच्या जिल्हा परिषद किंवा पालिकेच्या शाळेत जाऊन आधी मुलाला वर्गात बसवा. फीचं भांडण मोठ्यांचं आहे, त्यात मुलाचे महिने जायला नकोत. तक्रार लेखी द्या, गावाकडे पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक, शहरात पालिकेचा शिक्षण विभाग. कलम ३२ प्रमाणे अशा तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं.

नवीन शाळेत काय लागतं? मूळ दाखला, प्रगतीपुस्तक, जन्माच्या दाखल्याची आणि आधारची झेरॉक्स, फोटो, पत्त्याचा पुरावा, असेल तर जातीचं प्रमाणपत्र, बँक पासबुकाची झेरॉक्स. मुलाची किंवा पालकांची मुलाखत किंवा परीक्षा घेऊन प्रवेश देणं कायद्याने बंद आहे, पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पहिलीला जाणाऱ्यांनी जन्माचा दाखला नसेल तर घाबरू नका, दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं प्रतिज्ञापत्र यावरही वय धरता येतं. पण ज्यांची मुलं १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलीयेत त्यांनी जन्माचा दाखला काढूनच ठेवा, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या बदलामुळे तोच मुख्य पुरावा झालाय.

राज्याबाहेर जाणार असाल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ती मुलाच्या जुन्या शाळेच्या जिल्ह्यातच मिळते, त्यामुळे सामान ट्रकमध्ये चढायच्या आधी करून घ्या, नंतर हजार किलोमीटरवरून त्यासाठी परत यावं लागतं.

आरटीईच्या, म्हणजे याच शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून ज्यांची मुलं खाजगी शाळेत शिकतायत त्यांनी दाखला काढण्याआधी दोनदा विचार करा. ती लॉटरी फक्त सुरुवातीच्या वर्गासाठी असते, मधल्या इयत्तेत दुसऱ्या खाजगी शाळेत पुन्हा ती जागा मिळत नाही, आणि आहे तिथेच राहिलात तर आठवीपर्यंत मोफत आहे.

आणि पाचवीला जाणाऱ्यांसाठी अजून एक, आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुरवणी परीक्षा देता येते, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं, पण आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. हे मुलांना आधीच नीट समजावून सांगा, धाक म्हणून नको.

दाखला हातात आला की ऑफिसच्या खिडकीसमोरच उभं राहून वाचा, अक्षरी तारखेवर बोट ठेवून, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, शिक्का, सही. मग पाच झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये नीट उजेडात फोटो घ्या, आणि मूळ प्रत नवीन शाळेत जमा केली की त्याची पोच घ्या. लॅमिनेशन करू नका, पुढे प्रतिस्वाक्षरी किंवा शिक्का लागला तर त्यावर मारता येत नाही.