विहिरीचे निर्जंतुकीकरण (बांधकाम व दुरुस्तीनंतरचे)

नवी विहीर बांधून झाल्यावर, किंवा जुन्या विहिरीतला गाळ काढून तिची बांधणी, कठडा वा पंप दुरुस्त केल्यावर, पाणी पिण्यासाठी घेण्याआधी क्लोरिनच्या मोठ्या मात्रेने पाणी, भिंती आणि पाइप जंतुमुक्त करण्याची क्रिया. काम चालू असताना माणसांचे पाय, दोर, घमेली, वाळू-खडी यांच्याबरोबर जमिनीवरची घाण थेट पाण्यात उतरते. खालचा झरा कितीही निर्मळ असो, ही क्रिया टाळता येत नाही.

उदाहरणार्थ, इंदूर माळव्याच्या पठारावर, बेसाल्ट खडकावर वसले आहे. या खडकात पाणी भेगांतून वाहते. वाळूच्या थरात ते जसे गाळले जाते तसे इथे गाळले जात नाही, त्यामुळे जवळच्या गटाराचे पाणी पावसाळ्यात चटकन विहिरीत पोचू शकते. १९७८ साली जलूदहून नर्मदेचे पाणी शहरात आले आणि जुन्या वाड्यांतले आड, बावड्या मागे पडल्या. वर्षानुवर्षे पडून असलेली अशी विहीर पुन्हा वापरात घ्यायची तर तिला नवी समजूनच सारे करावे.

आधी सफाई. गाळ आणि पालापाचोळा राहिला तर क्लोरिन त्याच्यावरच खर्ची पडतो. पाणी उपसावे, गाळ काढावा, पाण्याच्या पातळीवरच्या भिंतीही ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने ताठ ब्रशने घासाव्यात. हा भाग हमखास राहून जातो. ताज्या सिमेंटमधल्या चुन्याने पाण्याचा सामू (पीएच) वाढतो, आणि सामू ८ च्या वर गेला की क्लोरिनची ताकद झपाट्याने घटते. म्हणून नव्या बांधणीचे सुरुवातीचे पाणी उपसून टाकावे. बंद विहिरीत उतरण्यापूर्वी हवा तपासणे जिवाचा प्रश्न आहे. कंदील विझला नाही एवढ्यावर विसंबू नये. विषारी वायू असतानाही तो जळत राहू शकतो. पावडर टाकल्यावर तर कोणीच उतरू नये, कारण क्लोरिन वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

मात्रा मोजूनच ठरवावी. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये) गुणिले ७८५, म्हणजे लिटर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरिन हवा. ताज्या पावडरीत तो सुमारे ३३ टक्के असतो, पण पोते उघडे राहिले की उडत जातो. २५ टक्के धरल्यास हजार लिटरला २०० ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साडेपाच किलोहून थोडी अधिक पावडर लागते. रोजच्या क्लोरिनीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते. दुरुस्तीनंतर अंदाजाने ओंजळभर पावडर फेकणारे बहुधा हाच फरक विसरतात.

पावडर कोरडी टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पाणी वाढवावे, ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे ठेवावे. वरची निवळी विहिरीत सोडावी, चुन्याचा साका फेकून द्यावा. तो आत गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो. निवळीची बादली पाण्याखाली नेऊन दोराने वरखाली हलवली की ती नीट मिसळते. मग पंप चालवून नळाला क्लोरिनचा वास येऊ द्यावा आणि १२ ते २४ तास पाण्याला हात लावू नये. नंतर वास जाईपर्यंत उपसा करावा. हे पाणी तळ्यात, नाल्यात वा झाडांना सोडू नये.

जंतूंची तपासणी क्लोरिन पूर्ण ओसरल्यावर, निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन करावी. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) मुळीच आढळता कामा नये. आढळल्यास सारे पुन्हा करावे. तरीही आढळत राहिल्यास दोष पावडरीत नसतो. कठड्याभोवतीचा ओटा, बांधणीच्या सांधी आणि निदान १५ मीटरच्या आतले शौचखड्डे, गटारे पाहावी लागतात.

विहिरीत ‘लाल दवा’, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुशास्त्रज्ञ हँकिन यांनी आग्र्याहून पटकीविरुद्ध (कॉलऱ्याविरुद्ध) तिचा पुरस्कार केला. पटकीच्या जंतूंवर ती चालते, इतर जंतूंवर फारशी नाही. म्हणून आता ती सुचवली जात नाही.

एकदाचे निर्जंतुकीकरण पुढच्या घाणीपासून राखण करत नाही. वापरातल्या घरगुती आडासाठी नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने दुहेरी मडक्याची पद्धत सुचवली आहे: आतल्या, भोक पाडलेल्या मडक्यात १ किलो पावडर आणि २ किलो जाड वाळू ओलसर कालवून भरतात, ते बाहेरच्या, भोक पाडलेल्या मडक्यात ठेवून पाण्याखाली किमान १ मीटर सोडतात. सुमारे ४,५०० लिटरच्या आडाला एक भरणी दोन-तीन आठवडे पुरते.