मॅन पेजातला ^एच आणि आजोबांचा टाइपरायटर

युनिक्स, लिनक्स या संगणकप्रणालींत प्रत्येक आज्ञेचं माहितीपान असतं, ते मॅन पेज. ते वाचायला पेजर, म्हणजे मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम, म्हणून थेट विम हा एडिटर लावला, की पहिल्याच मथळ्यावर डोळे फिरतात. जिथे ठळक ‘नेम’ दिसायला हवं तिथे ‘एन^एचएन ए^एचए एम^एचएम ई^एचई’ अशी माळ. पर्यायांना द्यायच्या मूल्यांच्या नावांत प्रत्येक अक्षराआधी अधोरेषा आणि परत ^एच. बघणारा म्हणतो, प्लगइन (एडिटरला जोडलेला छोटा प्रोग्राम) बिघडलं. बिघडलेलं काहीच नसतं. ^एच म्हणजे बॅकस्पेस, आणि ती तिथे मुद्दाम घातलेली असते.

फोंड्याच्या टायपिंग क्लासात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. मथळा ठळक करायचा तर कॅरेज एक घर मागे घेऊन तेच अक्षर पुन्हा हाणायचं. अधोरेखित करायचं तर त्याच घरात अधोरेषा मारायची. युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. युनिक्स जिथे घडलं त्या बेल लॅब्जमध्ये तेव्हा युनिक्सवर काम करणाऱ्यासमोर सहसा पडदा नसे, टेलिटाइप असे, म्हणजे तारेवर चालणारा टाइपरायटरच. जो ओसाना यांचा एनरॉफ हा मजकूर मांडणारा प्रोग्राम टेलिटाइपच्या मॉडेल ३७ साठी मजकूर मांडायचा तो याच रीतीने: अक्षर, बॅकस्पेस, तेच अक्षर.

अधोरेखित करताना मात्र एनरॉफ आधी अधोरेषा मारतो, मग मागे येऊन अक्षर. क्रम उलटा वाटतो, पण आमच्या घरी आजोबांचा पोर्तुगीज टाइपरायटर होता त्याचीही चाल अशीच. ‘साओ’ टाइप करताना ‘ए’ वरची लाट, म्हणजे तील, आधी मारायची. कॅरेज जागचं हलत नसे. मग त्याखाली ‘ए’ बसायचा. खूण आधी, अक्षर नंतर. कागदाला क्रमाशी देणंघेणं नसतं. पडद्यावर मात्र एका घरात एकच अक्षर मावतं आणि शेवटचं टिकतं. अधोरेषा आधी आलेली असली तर निदान अक्षर तरी वाचता येतं.

जुना उपाय याच क्रमावर उभा आहे. ‘कोल’ ही आज्ञा युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपासूनची. तिला ‘-बी’ जोडलं की प्रत्येक घरात शेवटी पडलेलं अक्षर ठेवून बाकीचं ती टाकून देते. ही युक्ती माहीत नसलेले एडिटरात शोधा-बदला करून नुसते ^एच उडवतात आणि ‘एनएनएएएमएमईई’ पदरात पाडून घेतात. मीही घेतलंय.

मग पडदे आले. १९७८ च्या व्हीटी-१०० सारख्या टर्मिनलांना, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेल्या यंत्रांना, ठळक अक्षरासाठी वेगळी खूण समजायची: एस्केप, चौकोनी कंस, १, एम. एनरॉफचा मुक्त वारस जीरॉफ बराच काळ जुनीच रीत पाळत होता. २००२ च्या १.१८ आवृत्तीत त्याने टर्मिनलसाठी या एस्केप खुणा नेहमीची पद्धत म्हणून स्वीकारल्या. टर्मिनलवर छान दिसलं, पण ‘कोल -बी’ वर विसंबलेल्यांची पंचाईत झाली, कारण कोलला बॅकस्पेस कळते, या खुणा नव्हेत. एस्केप गळतो आणि ‘१एम’, ‘२४एम’ असे अंक शब्दांना चिकटून राहतात. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने मॅन पेजांपुरती जुनी पद्धतच चालू ठेवली. इतरांसाठी ‘जीरॉफ_नो_एसजीआर’ हा पर्यावरणचल, म्हणजे प्रोग्रामांना वाचता येणारी नाव-मूल्याची नोंद, होता. तो लावला की जीरॉफ निमूट बॅकस्पेसवर परततो. विमसोबत येणारं मॅन प्लगइन तेच करतं: आधी हा चल, मग कोल. निओविम या विमच्या नव्या अवताराच्या प्लगइनला मी जास्त गुण देईन. ते खुणा फेकत नाही, दोन्ही प्रकार वाचून त्यांचं एडिटरच्या रंगांत रूपांतर करतं. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरकडे तर ‘वूमन’ आहे. ‘विदाउट मॅन’ अशी त्याची फोड, आणि खरोखरच मॅनला न विचारता ते मूळ पानाची मांडणी स्वतः करतं.

लिनक्सवर मॅन पेज दाखवणारा प्रोग्राम मॅन-डीबी आउटपुट टर्मिनलकडे जात नाही असं पाहिलं, की खुणा आपणच पुसतो. म्हणून एकाच्या यंत्रावर पान स्वच्छ आणि शेजारच्याच्या यंत्रावर माळ, असा प्रकार घडतो. ‘मॅन_कीप_फॉरमॅटिंग’ हा चल लावलेला असेल तर मात्र पुसत नाही. निओविमचं प्लगइन तो मुद्दाम लावतं, त्याला खुणा हव्याच असतात.

राहिला तिसरा कचरा: शब्द तुटतो त्या जोडरेषेच्या जागी टोपीवाला ‘ए’ आणि युरोचं चिन्ह. यात ना बॅकस्पेस, ना एस्केप. युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या यादीतली जोडरेषा यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत तीन बाइटांची असते. एडिटरने ते बाइट जुन्या पश्चिम युरोपीय अक्षरसंकेतात वाचले की पहिला बाइट टोपीवाला ‘ए’ होतो. इथे कोल कितीही चालवा, फरक पडत नाही. लोकेल (प्रणालीची भाषा-लिपीची मांडणी) आणि एडिटरचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरसंकेत, तपासावं लागतं. आजोबांच्या यंत्रावर हाच ‘ए’ काढायला दोन कळा माराव्या लागायच्या.