तीन पत्ती

तीन पत्ती : प्रत्येकी तीन पाने वाटून, हातातले गुपित राखत चाल, म्हणजे लावायची रक्कम, चढवत नेण्याचा पत्त्यांचा डाव. ‘तीन पानी’ किंवा ‘फ्लश’ ही त्याचीच नावे. बूट लावणे (सुरुवातीची ठरलेली रक्कम), ब्लाइंड खेळणे (पाने न पाहता), पॅक होणे (डाव सोडणे), साइड शो मागणे (शेजारच्या खेळाडूशी गुपचूप पाने पडताळणे) या गोष्टी मुंबईकराला समजावून सांगाव्या लागत नाहीत. उगमाचा प्रश्न मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे.

उगम : याविषयी तीन मते आढळतात. पहिले मत हा खेळ गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाशी जोडते. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे १० रंगांची १२० गोल पाने, आजही तयार होते. पण गंजिफा हा हात करण्याचा खेळ आहे. त्यात पाने लपवून चाल वाढवणे नाही, त्यामुळे हे मत टिकत नाही. दुसऱ्या मतानुसार तीन पत्ती पोकरपासून निघाली. हेही घाईचे वाटते, कारण न पाहता खेळणाऱ्याला निम्म्यात चाल ही तीन पत्तीतली सवलत पोकरमध्ये नाही.

तिसऱ्या मतासाठी उरतो इंग्लंडचा ‘ब्रॅग’ हा पत्त्यांचा खेळ. या खेळावर एडमंड हॉयलने १७५१ मध्ये छोटी पुस्तिका लिहिली होती. ब्रॅगच्या तीन पानी प्रकारात ब्लाइंडला निम्मी चाल आहे. त्याहून बोलका पुरावा पानांच्या प्रतवारीत सापडतो. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांत ट्रेल (तिन्ही पाने सारखी) ५२ आणि प्युअर सीक्वेन्स (एकाच रंगाची ओळीने तीन पाने) ४८. म्हणजे प्युअर सीक्वेन्स अधिक दुर्मीळ, तरीही वरचा मान ट्रेलला. आणि ब्रॅगमध्येही हा क्रम असाच उलटा आहे. पोथ्यांची वंशावळ लावताना दोन पोथ्यांतली समान चूक समान शुद्ध पाठापेक्षा मोलाची ठरते. तोच न्याय इथे लावावा. काही फडांत एक्का-दुर्री-तिर्री हा क्रम एक्का-राजा-राणीच्याही वर धरतात. ब्रॅगमध्ये तो तसाच सर्वांत वर असल्याने हा जुना अवशेष मानणे सयुक्तिक वाटते. साइड शो ब्रॅगच्या सर्वसाधारण नियमांत नाही, तेव्हा ती इकडची भर असावी. खेळ ब्रिटिश अमलात इथे रुजला असावा.

हूल : २२,१०० पैकी १६,४४० संचांत जोडीदेखील नसते. जवळजवळ तीन-चतुर्थांश हात असे रिकामे असतात, आणि हूल देणाऱ्याचा सारा भरवसा यावरच असतो. पाने पाहण्याची रीत बघण्यासारखी आहे. तिन्ही पाने एकावर एक घट्ट धरायची आणि अंगठ्याने मागचे पान केसभर सरकवून कोपरा वाचायचा. तिसऱ्या पानाला लागणारा वेळ समोरचे डोळे मोजत असतात. म्हणून मुरलेला खेळाडू एकदाच पाहतो, पाने पालथी ठेवतो आणि पुन्हा हात लावत नाही.

प्रकार : मुफलिसमध्ये सर्वांत हलका हात जिंकतो; वेगवेगळ्या रंगांतली दुर्री-तिर्री-पंजी तिथे राजा ठरते. नऊशे नव्याण्णवमध्ये तीन पानांचे आकडे ९९९ च्या जवळ नेतात, दश्शी आणि चित्रे शून्य. एके-४७ मध्ये एक्का, राजा, चव्वी आणि सत्ती मिळून १६ जोकर, म्हणजे कोणत्याही पानाच्या जागी चालणारी पाने, होतात. मग १४,९६० संचांत निदान एक जोकर येतो, म्हणजे जोडी तर झालीच, आणि ट्रेल ५२ वरून ५,७८० वर जातात. दर चार हातांत एकाहून जास्त ट्रेल! अशा डावात हूल देणे जवळपास व्यर्थ, कारण समोरच्याकडे काहीतरी असतेच. मित्रमंडळींत हा प्रकार आवडता असला, तरी खेळाचा गाभा त्यात पातळ होतो.

मुंबईत : गणपतीत मूर्तीजवळ रात्रभर कुणीतरी जागे असावे लागते, परळ-लालबागच्या चाळींत आणि मंडपांमागे त्या जागरणाला पत्त्यांची साथ असते. पैशांऐवजी चिंचोके किंवा काडेपेटीच्या काड्या लावण्याची घरगुती पद्धत आहे. दिवाळीत गुजराती-मारवाडी शेजाऱ्यांकडे डाव पडतो.

कायदा : पैसे लावून खेळण्याला १८८७ चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) जुगार प्रतिबंधक कायदा लागतो; निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवताना ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ अशा नावांनी चालणारा तीन पानी खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला. दोन्ही नावे एका खेळाची म्हणून एकाच वाक्यात यावीत, हे उगमाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. पाने वाटण्यापुरते ते म्हणणे खरे आहे. मात्र अनेक डावांत शो, म्हणजे शेवटी पाने उघडून दाखवणे, होतच नाही. बाकी सगळे पॅक होतात, उरलेला एक खेळाडू पॉट (मध्ये जमलेली रक्कम) ओढून घेतो आणि त्याची तीन पाने कुणाला न दिसता गड्डीत मिसळली जातात.