माज लांबण्यामागचा इतिहास: संप्रेरके आणि कडबा

उदगीर-कंधार पट्ट्यात उन्हाळ्यात देवणी किंवा लाल कंधारी गाय व्याली, की चार-चार महिने माजावर येत नाही. मग दवाखान्यात मागणी होते ती हार्मोनच्या, म्हणजे संप्रेरकाच्या, इंजेक्शनाची. गव्हाणीत मात्र नुसता कडबा असतो.

1923 साली अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या बीजांडकोशातील पुटिकांचा, म्हणजे स्त्रीबीज वाढवणाऱ्या फोडांचा, द्रव काढला. बीजांडकोश काढून टाकलेल्या उंदरांच्या माद्यांना तो टोचल्यावर त्यांच्यात माजाची लक्षणे दिसली. हाच इस्ट्रोजेनचा, म्हणजे माज आणणाऱ्या संप्रेरकाचा, शोध. इन्शुलिन त्याच्या दोनच वर्षे आधी, 1921 मध्ये हाती आले होते. पण ते मधुमेहाचे औषध मानले गेले आणि बीजांडकोशाशी त्याचा संबंध जोडायला पुढे अनेक दशके गेली.

पुढे दिसले, की इस्ट्रोजेन दिल्यावर उंदराच्या गर्भाशयात ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा, जमतो. 1967 मध्ये जॉन बिगर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की उंदराचे स्त्रीबीज स्वतः ग्लुकोज नीट वापरू शकत नाही, त्याला पायरुव्हेट, म्हणजे ग्लुकोज फोडून बनलेला पदार्थ, लागतो. तो पुरवतात भोवतालच्या पेशी. म्हणजे बीजाची चूल शेजारणीच्या घरात पेटते, आणि त्या शेजारणीला ग्लुकोज उचलायला इन्शुलिनची मदत होते.

गायींबाबतचा महत्त्वाचा अभ्यास 1981 चा, बटलर आणि सहकाऱ्यांचा. व्यायल्यावर दुधात जाणारी ऊर्जा खाण्यातून भरून निघत नाही. ही तूट तळाला जाऊन सावरू लागली, की साधारण दहा दिवसांनी पहिले स्त्रीबीज सुटते. तूट असताना इन्शुलिन उतरते, यकृतातून आयजीएफ-1 हे वाढीचे संप्रेरक कमी सुटते, पुटिका वाढत नाही आणि माज दिसेल इतके इस्ट्रोजेन तयार होत नाही. 1994 मध्ये लेप्टिन हे चरबीतून सुटणारे संप्रेरक सापडले आणि अंगावरच्या चरबीची खबर मेंदूला कशी पोचते, तेही कळले.

म्हणूनच हाडे दिसणाऱ्या गायीला टोचलेले पीजीचे (प्रोस्टाग्लँडिनचे) इंजेक्शन बहुधा वाया जाते. ते पीतपिंड, म्हणजे स्त्रीबीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ, विरघळवते. बीजांडकोशावर पीतपिंडच नसेल तर विरघळायचे काय? माजानंतर पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंतचे कोवळे पीतपिंडही त्याला दाद देत नाही. गाभण गायीला ते दिले तर गर्भ पडू शकतो, त्यामुळे गाभण तपासणी आधी, इंजेक्शन नंतर.

उस्मानाबादी शेळीत खुराकाचा परिणाम लवकर दिसतो. फळवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज 200 ते 300 ग्रॅम मका किंवा ज्वारीचा भरडा दिला, तर हडकुळ्या शेळीत जुळ्यांची शक्यता वाढते. आधीच लठ्ठ असलेल्या शेळीत फारसा फरक पडत नाही. भरडा चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवावा. एकदम दिला तर पोटात आम्ल वाढते आणि शेळी खाणे सोडते.