जुन्या पिकअपला रॅक-पिनियन स्टेअरिंग बसवायचंय? आधी अर्ज, मग वेल्डिंग

नागपूरच्या कळमना बाजारात माल उतरवून काटोलकडे परत निघालेली जुनी पिकअप लांबूनच ओळखू येते. रस्ता सरळ असतो, पण ड्रायव्हरचे हात स्थिर नसतात. स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोहोचवणारी गिअरची पेटी) झिजलेला, प्ले, म्हणजे टायर न हलता स्टेअरिंग नुसतंच फिरण्याची ढिलाई, वाढलेला. मग कुणीतरी सुचवतं, "भाऊ, कारचं रॅक टाकून द्या, मक्खन चालते." रॅक म्हणजे आडवी दातेरी दांडी; पिनियन नावाचा छोटा गिअर ती डावी-उजवीकडे सरकवतो आणि चाकं वळतात. वेल्डिंगवाला तयारच असतो. कागदाचं काय, हा प्रश्न मात्र आरटीओत फिटनेस तपासणीच्या दिवशी पडतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला: उत्पादकाचं मूळ स्पेसिफिकेशन बदलणारा फेरफार नोंदवता येणार नाही. आरसीवर स्टेअरिंगचा प्रकार छापलेला नसतो, म्हणून पुष्कळांना ही पळवाट वाटते. पण गाडीच्या मॉडेलला मंजुरी मिळते ती स्टेअरिंगसकट, त्यामुळे हा युक्तिवाद आरटीओच्या खिडकीवर टिकेल या भरवशावर चेसिस कापू नये. कलम 182-अ नुसार बेकायदा फेरफाराला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुमचं काम नक्की कोणत्या खात्यात मोडतं ते आधी ठरवा. झिजलेला बॉक्स त्याच मॉडेलच्या बॉक्सने बदलणं, ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट असे बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे आणि सांधे नवे टाकणं ही साधी दुरुस्ती आहे. तिला परवानगी लागत नाही, पक्कं बिल जपून ठेवा म्हणजे झालं. तुमच्याच मॉडेलवर कंपनीने पॉवर स्टेअरिंग दिलेलं असेल आणि ते बसवायचं असेल, तर अधिकृत डीलरकडून तसं लेखी घ्या आणि आरटीओला आधी विचारा. दुसऱ्या गाडीचं रॅक आणून बसवणं हे तिसरं खातं, आणि खरी अडचण तिथेच आहे. उत्पादकाचं पत्र किंवा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 खालच्या चाचणी संस्थेचा अहवाल हातात नसेल, तर होकाराची आशा मी तरी धरणार नाही. आपल्या राज्यात अशा संस्था म्हणजे पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटी, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. एका जुन्या गाडीसाठी तिथली चाचणी परवडणं कठीणच.

अर्ज आरसीवर नाव असलेल्या मालकानेच करायचा. गाडी विकत घेतली पण नावावर केली नाही, असा प्रकार असेल तर आधी नामांतर. एमएच-31 ची गाडी नागपूर शहर कार्यालयाकडे, एमएच-49 ची पूर्वकडे, एमएच-40 ची ग्रामीणकडे. परिवहनच्या संकेतस्थळावर 'वाहन' सेवेत गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की फेरफाराचा अर्ज निवडता येतो. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर जुन्या मालकाचा निघाला तर तिथेच अर्ज अडतो, म्हणून आधी मोबाइल नंबर बदलून घ्या. थकीत चलान आणि कर त्याआधी भरून टाका.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, फिटनेस प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने उठवलेला ठसा ठेवा. कर्ज बाकी असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती. यावर एक तांत्रिक टिपण जोडा, आणि ते गॅरेजवाल्याकडून पाठकोऱ्या कागदावर खरडून घेऊ नका. निरीक्षक पहिल्यांदा विचारेल तो प्रश्न त्यातच सुटला पाहिजे: पुढचा अॅक्सल अखंड आहे की सस्पेन्शन स्वतंत्र?

जीपच्या घराण्यातल्या, पुढे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांत अख्खा अॅक्सल वर-खाली होतो. रॅक मात्र चेसिसला घट्ट. खड्डा आला की दोघांतलं अंतर बदलतं आणि चाक आपोआप वळतं, ड्रायव्हरने स्टेअरिंग हलवलेलंही नसतं. अशा गाडीत रॅकचा हट्ट सोडावा. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तरी रॅकच्या आतल्या जॉइंटचं अंतर खालच्या आर्मच्या बिजागरांशी जुळावं लागतं. शिवाय अॅक्सलच्या पुढे बसणारं रॅक मागे बसवलं तर उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते! हलक्या कारचं रॅक भरलेल्या पिकअपचं वजन किती दिवस झेलेल, हा प्रश्न राहतोच.

परवानगी मिळाली तर काम झाल्यापासून 14 दिवसांच्या आत आरसी आणि शुल्कासह बदल कळवायचा, गाडी निरीक्षणाला न्यायची, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. नकार मिळाला तर आदेश हातात आल्यापासून 30 दिवसांत कलम 57 खाली अपील करता येतं. म्हणून तोंडी "नाही होत" ऐकून परतू नका, लेखी मागा.

रॅकच्या मागे लागण्याआधी एक तपासणी घरीच करा. केंद्रीय नियम 98 नुसार स्टेअरिंगवरचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त चालत नाही, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट किंवा पिना लॉक केलेल्या हव्यात. 30 अंश म्हणजे घड्याळात बारा ते एक. पुढची चाकं सरळ करा, स्टेअरिंगच्या माथ्यावर चिकटपट्टी लावा, एकाने हळूहळू फिरवा आणि दुसऱ्याने खाली बसून टायर पाहा. चाळीस सेंटीमीटरच्या स्टेअरिंगवर पट्टी साधारण दहा सेंटीमीटर सरकायच्या आत टायर हलला पाहिजे. नाही हलला तर आधी जॉइंट बघा, मग बॉक्स. माझ्या ओळखीच्या एका गाडीत बॉक्स बदलायचं ठरलं होतं. निघाला तो फक्त ड्रॅग लिंकचा सैल झालेला जॉइंट. वाडीतला म्हातारा मिस्त्री चेसिसखालून बाहेर येत एवढंच म्हणाला, "काहून कापता भाऊ, नटच ढिला हाये."