धाब्याचा दगडी वाडा (खानदेश)

खानदेशातील जाड भिंतींचे, सपाट मातीच्या छताचे पारंपरिक घर. या छताला धाबे म्हणतात, अहिराणीत धाबं. जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि वर्षाचा पाऊस ७०० मिमीच्या आगेमागे असतो. त्यामुळे पाणी झटकणाऱ्या उतरत्या छपरापेक्षा ऊन अडवणारे जड छत इथे कामी आले.

दगड मात्र सगळीकडे नाही. तापीकाठी गाळाचा थर इतका खोल की खडक हाती लागत नाही. तिकडच्या घरा-गढ्यांच्या भिंती बहुतेक गावठाणच्या पांढऱ्या मातीच्या. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतींसारख्या वर आलेल्या काळ्या खडकाच्या रांगा आहेत, म्हणून दगड जवळ. भिंत दोन-तीन फूट रुंद: बाहेरून घडीव, आतून ओबडधोबड, मधे माती-कपच्यांची भर. पुष्कळ घरांत दगड जोत्यापुरताच, वर कच्च्या विटा.

घराचा खरा जीव धाब्यात. दगडी उथळ्यांवर सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि कड्या. मग फळ्या किंवा तुराट्या, वर मातीचा जाड थर आणि शेवटी खारी. ही खारवट माती ओली झाली की तिचे बारीक कण सुटून छिद्रे बुजवतात, म्हणून पाणी खाली उतरत नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मृगाआधी नवी खारी पसरायची, गवत उपटायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या. तरीही झडीत एखादी जागा ठिबकतेच. मग घरचा माणूस डोक्यावर पोते घेऊन वर चढतो, तिथे मूठभर खारी टाकतो आणि टाचेने दाबत राहतो, खालून आवाज येतो, “थांबलं!” उन्हाळ्यात याच धाब्यावर कुरडया वाळतात, रात्री अंथरुणे पडतात.

रेल्वेनंतर पत्रे आणि मंगळुरी कौले आली, पुढे स्लॅब. जळगावच्या चौधरी वाड्यातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे घर स्मृतिसंग्रहालय म्हणून जपले आहे. बाकी असंख्य वाडे डागडुजीवाचून खचले. दुरुस्तीतही घात होतो. मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल बाहेर पडत नाही, भर फुगते आणि शंभर वर्षे उभी राहिलेली भिंत पोट काढते. अशा भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हवा.